जिभेवरचे धर्मांतर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर लक्षावधी स्त्रीपुरुषांनी एका दिवसात धर्म बदलला. त्यांनी त्रिशरण आणि पंचशील उच्चारले, परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि ते आपापल्या गावच्या वाटेला लागले. एका निश्चयाने एवढ्या जनसमूहाचे मन बदलल्याचे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळाच सापडेल. परंतु त्याच रात्री गावाकडे परतणाऱ्या एखाद्या वृद्धाच्या पायाला अंधारात ठेच लागली असेल, तर त्याच्या मुखातून कोणता शब्द बाहेर पडला असेल? बहुधा जुनाच! मनाने घेतलेला निर्णय जिभेला कळावयास वेळ लागतो. धर्मांतर एका दिवसात होऊ शकते. जिभेवरचे धर्मांतर मात्र पिढ्यांच्या हिशेबाने होते.

हा विषय आज काढण्याचे कारण तळेगाव दाभाडे आणि परिसरातील आमच्याच घरांत वारंवार आढळणारा एक प्रकार होय. घरातील तरुण मुलगा तळेगाव किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. रात्री जेवताना आजीच्या तोंडून सहज "देवा रे" असा उद्गार निघतो, आणि मुलगा तिच्यावर खेकसतो, "अजून देव सुटला नाही का तुझा? दीक्षा घेतली ना आपण?" म्हातारी ओशाळून गप्प होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हाच मुलगा कंपनीच्या बसपाशी उभा असतो. वस्तीतला एक वडीलधारा मनुष्य जवळून जाताना मोठ्याने "जय भीम" म्हणतो. मुलगा एकवार बरोबरच्या सहकाऱ्यांकडे पाहतो आणि ओठांतल्या ओठांत उत्तर देतो, किंवा नुसती मान हलवतो.

आजीपुढे शूर आणि बसथांब्यावर मुका, अशी ही अवस्था आहे. तीवर केवळ रागावून भागणार नाही. शब्द समाजात कसे बदलतात, कोणते लवकर बदलतात, कोणते उशिरा, आणि ते एका मुखातून दुसऱ्या मुखात कशामुळे जातात, हे आपण समजून घेतले पाहिजे. म्हणजे जोर कोठे लावावयाचा आणि धीर कोठे धरावयाचा, हे आपोआप कळेल.

प्रथम अभिवादनाची गोष्ट घेऊ. गावगाड्यात महाराने वरच्या जातीच्या माणसाला पाहताच "जोहार" घालावा, असा दंडक होता. जोहार हा नुसता शब्द नव्हता. कोण वर आणि कोण खाली, याची रोज द्यावी लागणारी कबुली होती. शब्द मुळात वाईट होता असेही नाही. झारखंडातील आदिवासी बांधव आजही परस्परांना जोहार करतात आणि तो त्यांच्या स्वाभिमानाचा शब्द आहे. तेथे तो बरोबरीच्या माणसांत देवघेवीचा आहे. आपल्या गावात तो एकाच बाजूने घालावयाचा होता. शब्दाची अब्रू तो कोण कोणाला आणि कोणत्या नात्याने उच्चारतो, यावर ठरते.

अभिवादनाच्या शब्दावर सत्ताधाऱ्यांचा किती कडक पहारा असे, याचा एक दाखला बाबासाहेबांनीच दिला आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली त्यांनी जे भाषण लिहिले आणि जे तेथे होऊ दिले गेले नाही, त्यात पेशवाईतील सोनारांची हकीकत येते. दैवज्ञ सोनार ब्राह्मणांप्रमाणे धोतर नेसू लागले आणि अभिवादनासाठी "नमस्कार" हा शब्द वापरू लागले. पेशव्यांना ते खपले नाही. आपल्या राज्यात त्यांनी बंदी घातलीच, शिवाय १७७९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या कारभाऱ्यांकडून तेथील सोनारांवरही मनाई करविली. एका शब्दासाठी दोन राजवटी कामाला लागल्या! कोणी कोणता शब्द उच्चारावा हा प्रश्न व्याकरणाचा नसून अधिकाराचा आहे, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना पुरते ठाऊक होते. ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही, त्यांनाच "अभिवादनाच्या शब्दाचे एवढे काय?" असे वाटते.

"जय भीम" हा शब्द कोणत्याही सरकारच्या हुकुमाने आलेला नाही. कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांनी १९३५ च्या सुमारास त्याचा हिरीरीने प्रचार केला. बाबू हरदास १९३७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्यामागे शब्दाला ना कायद्याचा आधार होता, ना शाळेच्या पुस्तकाचा. समता सैनिक दलाच्या तरुणांच्या, सभांना जाणाऱ्या माणसांच्या, रेल्वेत, गिरणीत, लष्करी आगारांत काम करणाऱ्यांच्या तोंडी बसून तो फिरला. वर्षातून दोनदा गावी जाणारा गिरणी कामगार आपल्या ट्रंकेत लुगडे आणि खाऊ नेई, तसा जिभेवर हा शब्दही नेई.

शब्दाचा प्रवास समजण्यासाठी आपल्या घरातील विरजणाकडे पाहावे. कोमट दुधाला चमचाभर ताक लावले, की पहिले काही तास काहीच घडत नाही असे वाटते. मग पाहता पाहता सगळे दूध दाटू लागते. कडेचे थोडे पातळ राहते, ते सर्वांत शेवटी लागते. भाषाशास्त्रज्ञांनी अनेक देशांतील भाषांचा अभ्यास करून हाच क्रम नोंदविला आहे. नवा शब्द किंवा नवा उच्चार आरंभी अगदी संथपणे पसरतो, मध्यंतरी झपाट्याने जातो आणि शेवटच्या टोकाला पुन्हा मंद होतो. आरंभीच्या संथ काळात तो उच्चारणाऱ्याला लोक हसतात. मधल्या काळात न उच्चारणाराच वेगळा दिसू लागतो. शेवटच्या काळात जुना शब्द काही वृद्धांच्या तोंडी उरतो आणि त्यांच्याबरोबर जातो.

नवा शब्द पसरतो कोणामार्फत? जो माणूस एकाच आळीत जन्मतो, राबतो आणि मरतो, तो शब्द टिकवून धरतो. जो दोन ठिकाणी येजा करतो, तो शब्द वाहून नेतो. या दृष्टीने आपला मावळ भाग मोक्याचा आहे. तळेगाव हे मुंबई-पुणे लोहमार्गावरचे स्थानक. येथे बाबासाहेबांचा बंगला होता. तळेगावहून थोड्या अंतरावर देहूरोड. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी, म्हणजे नागपूरच्या दीक्षेपूर्वी जवळजवळ दोन वर्षे, बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्वहस्ते स्थापन केली. ज्या दिवशी ती मूर्ती बसली, त्या दिवशी "वंदना" आणि "विहार" हे शब्द या परिसरातील कामगारांच्या कानी पडले असतील. प्रत्येकाच्या तोंडी ते लगेच बसले असे नव्हे. पण विरजण लागले.

नावांचीही हीच कथा आहे. मनुस्मृतीने शूद्राचे नाव जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे असे सांगितले. आपल्या वाडवडिलांत दगडू, धोंडू, कचरू, भिकू ही नावे किती होती, हे कोणत्याही जुन्या कुटुंबाला विचारावे. त्यांच्या जागी सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, गौतम, सुजाता, प्रज्ञा ही नावे आली. हे केवळ १९५६ नंतर घडले असे नाही. १९४६ साली मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत संस्थेचे जे महाविद्यालय निघाले, ते पुढे मिलिंद या नावाने विख्यात झाले. "माझा भाऊ सिद्धार्थला शिकतो" असे जो अभिमानाने सांगत होता, त्याच्या घरात पाळण्यातील मुलाचे नाव ठरण्यास कितीसा वेळ लागणार? शब्दाला प्रतिष्ठा मिळाली की तो आपोआप पायांवर चालू लागतो.

येथे तीन गतींचा भेद ध्यानात घ्यावा. अभिवादन सर्वांत लवकर बदलते. ते दिवसातून अनेकदा, जाणूनबुजून आणि चारचौघांत उच्चारले जाते. निश्चय केला तर प्रौढ माणूसही ते एका महिन्यात बदलू शकतो. नावे पिढीच्या गतीने बदलतात, कारण नाव माणूस स्वतः घेत नाही, आईबाप देतात. आणि दुःखात, भयात, आश्चर्यात निघणारे उद्गार सर्वांत शेवटी बदलतात. ते मनाच्या परवानगीशिवाय बाहेर पडतात. आजीचे "देवा रे" या तिसऱ्या जातीचे आहे. ती तिची श्रद्धा नव्हे, ती तिची सवय आहे. तिने पन्नास वर्षांपूर्वी घरातले देव काढून टाकले असतील, उपास सोडले असतील, नवऱ्याच्या मागे उभी राहून गावकीचा रोष सोसला असेल. तिची जीभ मात्र तिच्या आईकडून आलेली आहे. जी माउली घरातील सर्वांत अवघड बदल करून बसली, तिला सर्वांत क्षुल्लक बदलावरून अपमानित करावयाचे, हा न्याय नव्हे. भगवान बुद्धांनी सांगितलेल्या सम्यक वाचेत कठोर वचनाचाही निषेध आहे, हे खेकसणाऱ्या नातवाने विसरू नये.

शब्द सक्तीने टिकत नाहीत, याला परदेशातही दाखले आहेत. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत, १७९० च्या दशकात, सर्वांनी परस्परांना "नागरिक" म्हणावे, जुनी "महाशय" या अर्थाची संबोधने टाकावीत असा आग्रह धरण्यात आला. काही वर्षे भीतीने सर्वजण तसे म्हणाले. धाक ओसरला आणि जुने संबोधन परत आले. स्वीडनमध्ये याउलट घडले. तेथे माणसाला त्याच्या हुद्द्याने पुकारण्याची किचकट पद्धत होती. १९६७ साली ब्रोर रेक्सेड नावाच्या एका सरकारी खात्याच्या नव्या प्रमुखाने, आपण सर्व कर्मचाऱ्यांना "तू" म्हणणार आणि त्यांनीही आपणास तसेच म्हणावे, असे जाहीर केले. लोकांच्या बोलण्यात हा बदल आधीच सुरू झाला होता. वरच्या माणसाने आपला मान खाली ठेवून त्याला वाट मोकळी केली. थोड्याच वर्षांत सारा देश एकमेकांना समान संबोधनाने पुकारू लागला. एका ठिकाणी धाक होता, दुसऱ्या ठिकाणी वरिष्ठाने स्वतःचा अहंकार सोडला होता. कोणता बदल टिकला, हे उघड आहे.

आणखी एक दाखला आपल्या तरुणांच्या उपयोगाचा आहे. अमेरिकेतील विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ साली मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावरील लोकांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात श्रीमंत पाहुण्यांची झुंबड त्या बेटावर उसळे. ज्या बेटकऱ्यांना आपले बेट आपले वाटत होते, त्यांच्या तोंडी बेटाचे खास उच्चार अधिक ठळक झाले होते. जे बेट सोडून जाण्याच्या बेतात होते, त्यांच्या तोंडी ते फिके पडले होते. माणूस ज्यांच्यांत स्वतःला मोजतो, त्यांच्यासारखा बोलतो, असा याचा अर्थ. बसथांब्यावर "जय भीम" ओठांत गिळणारा मुलगा त्या क्षणी स्वतःला कोणांत मोजत असतो, याचा त्याने शांतपणे विचार करावा.

पण त्याच्यावर सगळा दोष टाकणेही अन्यायाचे होईल. शब्द गिळण्यामागे भय असते आणि भयाला कारणे असतात. जात कळली की भाड्याची खोली नाकारली जाते, सहकाऱ्यांच्या वागण्यात फरक पडतो, हा अनुभव आमच्या अनेक वाचकांनी घेतलेला आहे. कागदावरच्या शब्दामागे तर कायद्याची कारणे होती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे, हिंदू धर्म सोडणाऱ्या माणसाच्या अनुसूचित जातीच्या सवलती जात होत्या. १९५६ साली शीख धर्मीयांना त्यात स्थान मिळाले, बौद्धांना मिळाले नाही. म्हणून कित्येक कुटुंबे घरात बौद्ध आणि दाखल्यावर हिंदू अशी दोन नावांनी जगली. ही लबाडी नव्हती, मुलांच्या शिक्षणाची चिंता होती. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि बौद्धांना तो हक्क मिळाला. तरीही सुमारे साडेतीन दशके घेतलेली दोन तोंडांची सवय एका दुरुस्तीने कशी जाणार? कायदा बदलतो तेव्हा भय संपण्यास सुरुवात होते. ते संपविण्याचे काम माणसांनाच करावे लागते.

जनगणनेचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ साली बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. २०११ साली ती ६५ लाख ३१ हजारांवर होती. सवलती जाण्याचे भय डोक्यावर असताना १९६१ च्या गणकासमोर ज्या अशिक्षित माणसांनी "बौद्ध" हा शब्द उच्चारला, त्यांनी तो किती किंमत देऊन उच्चारला असेल! शब्द पसरला तो त्या किमतीवर. पुढील जनगणना २०२७ साठी जाहीर झालेली आहे. धर्म बौद्ध सांगितल्याने अनुसूचित जातीचा हक्क आता बाधत नाही, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात माहीत असली पाहिजे.

शब्द बदलला की काम झाले, असे मात्र कोणी समजू नये. व्यवहार बदलला नाही तर नव्या शब्दालाही जुना वास चढतो. महारवाड्याचे बौद्धवाडा झाले; पण गावाने त्या वस्तीशी वागण्याची रीत बदलली नाही, तेव्हा बौद्धवाडा हाही हिणवण्याचाच शब्द होऊन बसला. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा बदलावयाच्या नावांत महारवाड्याबरोबर बौद्धवाडाही होता, हे लक्षात घ्यावे. याउलट तराळ, वेसकर, वेठ हे शब्द आपल्या मुलांना अर्थ सांगितल्याशिवाय कळत नाहीत. ते कोणी बंदी घातली म्हणून गेले नाहीत. आपल्या माणसांनी गावकीची कामे टाकली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली आणि त्या शब्दांच्या पायाखालची जमीन गेली. प्रथा मेली की तिचे शब्द उपाशी मरतात.

नवे शब्द आपल्या मराठीत उपरे आहेत, असे कोणी म्हटले तर त्याला कार्ल्याचा रस्ता दाखवावा. तळेगावहून लोणावळ्याकडे जाताना कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी लागतात. तेथील दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख संस्कृतात नसून प्राकृतात, म्हणजे त्या काळच्या लोकभाषेच्या जवळच्या बोलीत आहेत. त्याच प्राकृताच्या कुळात आपली मराठी जन्मली. "हस्त"चे "हत्थ" आणि "हत्थ"चे "हात" झाले. "सप्त"चे "सत्त" आणि "सत्त"चे "सात" झाले. "धम्म" हा शब्द याच वाटेवरचा आहे. कार्ल्याच्या लेखांत ज्या प्रदेशाला "मामाल" म्हटले आहे, तोच आजचा मावळ. मामालचे मावळ कोणत्या राजाच्या आज्ञेने झाले? कोणाच्याही नाही. शेतात, बाजारात, पाणवठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या बोलणाऱ्या माणसांनी ते केले. आपले वचन छंदोबद्ध संस्कारित भाषेत घालावे, ही काही भिक्षूंची सूचना भगवंतांनी नाकारली आणि लोकांच्या आपापल्या बोलीवर विश्वास ठेवला, असे विनयपिटक सांगते. त्या विश्वासाचे आपण वारस आहोत.

तेव्हा नवदीक्षित कुटुंबांना आमचे सांगणे एवढेच आहे. मुलांना अर्थ सांगून नावे द्या. "राहुल" म्हणजे कोण, "सुजाता" कोण, हे त्या मुलाला शाळेत जाण्यापूर्वी ठाऊक असावे. वंदना रोज घरात मोठ्याने म्हणा. मुलाची जीभ आईच्या जिभेवर घडते, पुस्तकावर नंतर. वृद्धांच्या तोंडातून निघणारे जुने उद्गार काळावर सोपवा. त्यांना हिणवू नका. त्यांच्या तोंडून नवे शब्द येत नाहीत म्हणून त्यांचे धर्मांतर अपुरे आहे, असे मानू नका.

आणि तरुणांना वेगळे सांगणे आहे. शब्दावर जोर द्यावयाचाच असेल तर तो स्वयंपाकघरात म्हाताऱ्या माणसावर देऊ नका. जेथे तो उच्चारण्यास काही किंमत पडते, तेथे द्या. आपल्या आळीत "जय भीम" म्हणण्यास आज धैर्य लागत नाही. ते धैर्य आपल्या आजोबांनी खर्च करून ठेवले आहे. ते आज बसथांब्यावर, कारखान्याच्या दाराशी, वसतिगृहात, घरमालकाच्या ओसरीवर लागते. एकाने स्पष्ट उच्चारले की शेजारचा दुसरा, जो आतापर्यंत ओठांत गिळत होता, तोही उच्चारतो. कधी कधी बाजूचा, आपल्या समाजाचा नसलेला सहकारीही प्रेमाने उत्तर देतो. शब्द असाच पसरत आला आहे.

उद्या सकाळी तो वडीलधारा मनुष्य तळेगावच्या बसथांब्यावरून पुन्हा जाईल आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने अभिवादन करील. त्याला तितक्याच मोठ्याने उत्तर मिळाले पाहिजे. आणि ते उत्तर देणाऱ्याने संध्याकाळी घरी परतल्यावर आपल्या आजीजवळ घटकाभर बसून, तिच्या तरुणपणी हा शब्द प्रथम कोणाच्या तोंडून ऐकला, हे तिला विचारावे.